नवरा ४३ चा, सासरे ५४ व्या वर्षी अटॅकने गेले. रोजच्या सवयींनी खरंच फरक पडतो का?

भांडुपकरीण:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. नवऱ्याचं वय ४३, ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला), सकाळी साडेसातला घराबाहेर पडतो ते रात्री नऊ वाजता परत, मधला सगळा वेळ खुर्चीत नाहीतर ट्रेनमधे उभा. ऑफिसच्या चेकअपमधे बीपी १३८/८८ आलंय, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९. कंबर ३८ इंच. घरी सिगरेट नाही पण ऑफिसखाली टपरीवर मित्रांबरोबर दिवसाला दोन-तीन होतात हे मला माहितीय. सासरे ५४ व्या वर्षी गेले, रात्रभर गॅस झालाय म्हणत ओवा खात बसले होते, सकाळी हॉस्पिटलला नेईपर्यंत उशीर झाला.

आता प्रॉब्लेम असा की आमच्या विंगमधल्या ४१ वर्षांच्या एकाला गेल्या महिन्यात अटॅक आला, आणि तो रोज जिमला जायचा! तेव्हापासून नवरा म्हणतो बघ, जिमवाल्यालाही येतो मग मी चालून आणि वडापाव सोडून काय मिळवणार, आणि सासूबाई म्हणतात कपाळावर लिहिलेलं टळत नाही. फॅमिली ग्रुपवर लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर, मध असा काढा फिरतोय, महिन्यात ब्लॉकेज साफ म्हणे, एका काकूंनी बाटली भरून पाठवली सुद्धा. मला एवढंच विचारायचंय की रोजच्या सवयींनी आत शरीरात नक्की काय बदलतं, आणि साडेसात ते नऊ बाहेर असणाऱ्या माणसाने करायचं काय? मला भीती वाटते हो, मुलगी नऊ वर्षांची आहे.

परळची_सिस्टर:
ताई, मी परळला हार्टच्या आयसीयूमधे बरीच वर्षं सिस्टर होते, आता रिटायर आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं डॉक्टरांनाच विचारायचं, पण आत काय चालतं ते सांगते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की नवऱ्याशी वाद घालायला लागणार नाही.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायू. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, दिवसाला जवळजवळ १ लाख ठोके, सात हजार लिटरच्या वर रक्त, सुट्टी नाही. एवढं रक्त त्याच्या आतून जातं पण त्याला स्वतःला लागणारं रक्त तिथून मिळत नाही, ते येतं बाहेरून गुंडाळलेल्या कोरोनरी नावाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मधे, हृदय सैल पडतं तेव्हा आत शिरतं. म्हणून नाडी सतत जोरात चालणाऱ्याच्या हृदयाला काम जास्त आणि विश्रांती कमी. रोज चालणाऱ्या माणसाची बसलेली नाडी काही महिन्यांत ७८ वरून ६८ वर येऊ शकते, आता हिशोब करा, मिनिटाला १० ठोके कमी म्हणजे दिवसाला १४,४०० ठोके वाचले.

आता जिमवाल्याचं. लोकांना वाटतं ब्लॉकेज हळूहळू ७०, ८०, १०० टक्के होतं आणि मग अटॅक येतो. तसं प्रत्येक वेळी नसतं. रक्तवाहिनीला आतून एक अतिशय पातळ अस्तर असतं, वाढलेलं बीपी, तंबाखूचा धूर, वाढलेली शुगर यांनी ते अस्तर दुखावतं, मग रक्तातलं एलडीएल त्याच्या खाली शिरून साचतं, शरीराच्या पांढऱ्या पेशी ते खायला जातात आणि तिथेच फुगून मरतात, तिथे मऊ चरबीचा फुगवटा होतो, आणि त्यावर दुधावर साय धरते तसा पातळ पापुद्रा. हा फुगवटा ३०-४० टक्केच असला तर छातीत दुखत नाही, जिना चढता येतो, ट्रेडमिलची टेस्टसुद्धा नॉर्मल येऊ शकते. पण एक दिवस तो पापुद्रा फाटतो, शरीराला वाटतं जखम झाली, रक्त तिथे गोठतं आणि काही मिनिटांत रस्ता बंद. हाच अटॅक. तुमच्या विंगमधल्या माणसाचं एलडीएल किती होतं, बीपी कधी मोजलं होतं का, सिगरेट होती का, घरात कोणाला होतं का, हे कोणालाच माहीत नसतं, दंड फक्त दिसतात. व्यायामाने धोका कमी होतो, शून्य होत नाही, आणि व्यायाम हे त्यातलं एकच खातं.

सासूबाईंना सांगा की नशीब म्हणायच्या आधी हे ऐका. २००४ साली इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ५२ देशांतला, आपला भारतही त्यात होता. त्यात असं निघालं की पहिल्या अटॅकच्या धोक्यातला जवळजवळ ९० टक्के भाग नऊच गोष्टींशी जोडलेला असतो: तंबाखू, रक्तातली चरबी, बीपी, डायबिटीस, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं कमी खाणं, हालचाल नसणं, आणि दारूचं प्रमाण. या सगळ्यांवर हात ठेवता येतो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक ५३ च्या आसपास येतो, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे जागं व्हायचं वय चाळिशी, पन्नाशी नाही.

आणि अनुवंशिकता खोटी नाही. वडिलांना ५५ च्या आत हार्टचा त्रास झाला तर डॉक्टर ते मुलाच्या खात्यात धोका म्हणून धरतात, तुमच्या सासऱ्यांचं वय त्यात बसतं, म्हणून डॉक्टरांना हे वय आवर्जून सांगा. लिपोप्रोटीन ए नावाची एक रक्ततपासणी असते, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमधे (कोलेस्टेरॉलच्या तपासणीत) येत नाही, ती आयुष्यात एकदा करून घ्या, त्याची पातळी मुख्यतः आईवडिलांकडून येते आणि जास्त असली तर बाकीचं सगळं अजून कडक धरायचं असतं.

नवऱ्याचे आकडे बघून मला काय वाटतं सांगू? एकही आकडा एकटा भयंकर नाही, पण सगळे मिळून एकाच दिशेला चाललेत. कंबर आपल्या पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत हवी, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बायकांची ८०. ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली ही जोडी पोटाच्या आतल्या चरबीची खूण असते. एचबीए१सी ५.९ म्हणजे डायबिटीसच्या अलीकडचा टप्पा, ६.५ ला डायबिटीस म्हणतात. इथून मागे फिरता येतं ताई, खरंच येतं, मी पेशंट फिरलेले बघितलेत.

काढ्याबद्दल: लसूण-आलं जेवणात घाला, चांगलंच आहे, पण भिंतीच्या आत साचलेली चरबी पोटात गेलेल्या काढ्याने धुतली जात नाही. बाटली भेट आली म्हणून औषधं बंद करणारे मी बघितलेत, तेवढं करू नका.

डबलडेकर_कंडक्टर:
सिस्टरताई एकदम क्लिअर सांगितलंत. मी बेस्टमधे कंडक्टर होतो, आयुष्य डबलडेकरवर गेलं, वर-खाली वर-खाली. आमच्या एका हेल्थ कॅम्पला डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती ती मी अजून सगळ्यांना सांगत असतो. लंडनमधे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांचा अभ्यास केला, १९५३ साली छापून आला, त्याआधी व्यायामाचा आणि हार्टचा संबंध कोणी असा पक्का दाखवलाच नव्हता. डेपो तोच, शहर तेच, घरची परिस्थिती तीच, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढतोय. निघालं काय, तर कंडक्टरांना हार्टचा त्रास खूपच कमी, आणि अटॅकने लगेच मरण्याचं प्रमाण तर ड्रायव्हरांच्या साधारण निम्मं. लोक म्हणाले ड्रायव्हर जाडे असतील म्हणून, तर त्यांनी युनिफॉर्मच्या पँटच्या कमरेची मापं काढून तपासली! ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्याच, पण बारीक असो की जाडा, कंडक्टरची बाजू तरी चांगलीच राहिली. पोस्टातही तेच, चालत टपाल वाटणारे टेबलावरच्या क्लार्कपेक्षा बरे.

त्यातला एकही कंडक्टर जिमला जात नव्हता हो. म्हणून वहिनी, साहेबांना सांगा व्यायामाला वेळ नाही हे मान्य, पण मुंबईत जिना आणि पूल याची कमी आहे का? स्टेशनला सरकता जिना असला तरी बाजूचा साधा जिना घ्यायचा. भांडुपहून येतात म्हणजे कुर्ल्याला उतरत असणार, तिथून शेअर रिक्षा. कुर्ला स्टेशनबाहेर चालायला जागा नसते हे मला माहितीय, म्हणून तिथे चाला असं मी म्हणणार नाही, पण बीकेसीच्या आतल्या रस्त्यांना चांगले रुंद फूटपाथ आहेत, रिक्षा आत शिरली की ऑफिसच्या १०-१२ मिनिटं आधी सोडायची आणि उरलेलं झपझप चालायचं, संध्याकाळी उलटं. दोन्ही वेळचं धरलं तर २०-२५ मिनिटं झाली, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे डॉक्टर जे १५० मिनिटं सांगतात त्याच्या जवळ पोचलात, उरलेलं रविवारी पवई तलावाकडे सगळ्यांनी मिळून. झपझप म्हणजे किती, तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये.

अजून एक, दुपारी डबा खाल्ला की लगेच खुर्चीत नको, १० मिनिटं मजल्यावरच फेऱ्या. जेवणानंतर पायाचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर उचलतात. शुगरवाल्याला हे लगेच मशीनवर दिसतं, माझं स्वतःचं दिसलंय.

परळची_सिस्टर:
काका, किती छान सांगितलंत. यात एक भर घालते. चालताना रक्त जोरात वाहतं तेव्हा ते त्या आतल्या अस्तरावर घासत जातं, आणि त्या घासण्याने अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्याने रक्तवाहिनी सैल पडते, बीपी उतरतं, रक्तातल्या चिकट पेशी भिंतीला कमी चिकटतात. हा परिणाम काही तास टिकतो आणि मग ओसरतो, म्हणून रविवारी एकदाच दोन तास चालण्यापेक्षा रोज थोडं बरं. थंडीत डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे धुरकं खाली बसलेलं असतं आपल्याकडे, ती बारीक धूळ फुफ्फुसातून रक्तात उतरते आणि हार्टला त्रास देते, त्या दिवसांत ऊन वर आल्यावर चाला आणि मोठ्या ट्रॅफिकच्या रस्त्यापासून लांब.

भांडुपकरीण:
थँक्यू दोघांना, डोळ्यात पाणी आलं वाचून. पँटच्या मापाची गोष्ट आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवली, त्याने गुपचूप स्वतःच्या पँटचं लेबल बघितलं. आता स्वयंपाकाचं सांगा ना कोणीतरी. तेल कुठलं, सगळे वेगवेगळं सांगतात. आणि मीठ आम्ही वरून घेत नाही.

गिरगाव_डबेवाली:
ताई मी घरून डबे देते, हार्टचे पेशंट असलेली बरीच घरं माझ्याकडे आहेत, म्हणून मीठ हा माझा रोजचा विषय. वरून घेत नाही असं सगळेच म्हणतात पण मीठ वरून येतंच कुठे, ते आधीच आत असतं. दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे, म्हणजे सपाट एक चमचा, लहान, चहाचा. त्यात सकाळचे पोहे, भाजी, आमटी, पोळीच्या कणकेतलं, भातातलं, सगळं आलं. मग त्यावर लोणच्याची फोड, एक पापड, चहाबरोबर खारी किंवा फरसाण, वडापावबरोबरची लाल चटणी आणि खारवलेली मिरची, संपला कोटा कधीच. पापडात मीठ असतंच वर पापडखार, ढोकळ्या-भज्यात खायचा सोडा, सोडियम त्यातूनही येतं आणि चवीला कळत नाही. खारा बांगडा आवडत असेल तर तो सणासारखा, कधीतरी.

मी काय करते, भाताला आणि पोळीच्या कणकेला मीठ अजिबात नाही, कोणालाही कळलेलं नाही आजपर्यंत, कारण बरोबर भाजी-आमटी असतेच. आमटीत मीठ थोडं कमी आणि कोकम किंवा लिंबू थोडं जास्त, आंबट आलं की जिभेला मीठ कमी वाटत नाही. जिरं, मिरी, हिंग, ओली मिरची वाढवायची. पहिले दोन-तीन आठवडे घरात कुरकुर होते मग जीभ बदलते, त्यानंतर बाहेरचं खाल्लं की तेच म्हणतात किती खारट आहे. बाजारात सोडियम कमी असलेलं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

तेलाचं म्हणाल तर माझ्या मते कुठलं यापेक्षा किती हे आधी. माणशी महिन्याला अर्धा लिटर, सगळं धरून, फोडणी, पोळीला लावायचं, तळण. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तेल कुठलंही असू दे. शेंगदाणा, सरकी, करडई, मोहरी, आलटून पालटून वापरा, वनस्पती तूप मात्र घरात आणू नका. २०२२ च्या जानेवारीपासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट (हार्टला सगळ्यात वाईट चरबी) २ टक्क्यांच्या वर चालत नाही असा नियम आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं आहे, पण खारी-नानकटाई-क्रीम बिस्किटात मैदा, साखर आणि घट्ट चरबी असतेच. आणि गाडीवरच्या कढईत तेच तेल सकाळपासून रात्रीपर्यंत उकळत असतं, काळं आणि फेस येणारं तेल दिसलं की तिथून निघायचं. वडापाव कायमचा सोडा असं मी म्हणत नाही, मी गिरगावची आहे, कसं म्हणेन, पण रोजचा नाश्ता म्हणून नको, आठवड्यात एखादा आणि त्या दिवशी फरसाण नाही.

सोडायचंच सगळे सांगतात, काय खायचं ते कोणी सांगत नाही. मोडाची मटकी, वालाचं बिरडं, चवळी, मूग, रोज एक वाटी घट्ट. ज्वारी-नाचणीची भाकरी. पेरू, संत्रं, मोसमातलं काहीही, रस काढून नाही, चावून. मूठभर शेंगदाणे भाजलेले बिनमिठाचे. मासे खाता तर बांगडा, तारली यांच्यात ओमेगा ३ ही चांगली चरबी भरपूर आणि भाव परवडतो, पण कालवणात टाका, रव्यात तळून नको. ओल्या नारळाचं वाटण जरा कमी करा, नारळात घट्ट चरबी जास्त. कडधान्यातला आणि ओट्स-फळांतला चिकट चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं, माझ्याकडे डबा घेणाऱ्या एक डॉक्टर बाई आहेत त्यांनी हे समजावलं आणि तेव्हापासून मी डब्यातलं कडधान्य वाढवलं.

दादर_पश्चिम:
सगळं ठीक आहे पण एक सावध करतो. एलडीएल १४६ बघून डॉक्टर लगेच स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, चालू करतील. एकदा चालू झाली की जन्मभर, लिव्हर जाते, डायबिटीस होतो. माझ्या मेहुण्याने बंद केल्या, मजेत आहे. त्यापेक्षा सरळ सिटी स्कॅन करून कॅल्शियम स्कोर काढा, शून्य आला की विषय संपला.

परळची_सिस्टर:
दादा, तुमची काळजी मी समजू शकते, पण हे वाचून कोणी गोळी बंद केली तर मला झोप लागणार नाही म्हणून नीट उत्तर देते. स्टॅटिनने काही जणांचे स्नायू दुखतात, लिव्हरचे एन्झाइम थोड्या लोकांत वाढतात आणि ते रक्ततपासणीत दिसतं, डोस बदलता येतो. लिव्हरला खरी गंभीर इजा फार क्वचित. शुगर थोडी वर जाते हे खरं आहे, मुख्यतः ज्यांची आधीच काठावर असते त्यांची, पण अशा लोकांत अटॅक टळण्याचा फायदा त्यापेक्षा मोठा असतो. आणि फायदा फक्त आकडा खाली आणण्याचा नाही, फुगवट्यावरचा तो पापुद्रा त्याने जाड आणि घट्ट होतो. गोळी लागेल की नाही हे डॉक्टर सगळे आकडे, वय, वडिलांची हिस्टरी धरून ठरवतील, कदाचित तीन महिने चालणं-खाणं बदलून परत तपासूया म्हणतील, कदाचित लगेच देतील, दोन्ही बरोबर असू शकतं. मेहुण्याचं म्हणाल तर एलडीएल वाढलेला माणूस मजेतच असतो, त्याला काही जाणवत नाही, हाच तर घोळ आहे. कॅल्शियम स्कोरचा उपयोग आहे, पण तो जुने, चुना साठलेले फुगवटे मोजतो, नवे मऊ त्यात दिसत नाहीत, त्यामुळे चाळिशीतल्या सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा शून्य आला तरी विषय संपत नाही.

नाईटशिफ्ट_पवई:
सिगरेटवर कोणीच जास्त बोललं नाही म्हणून मी लिहितो. दोन-तीनच आहेत ना, असं मीही म्हणायचो, पण हार्टच्या बाबतीत कमी सिगरेट म्हणजे कमी धोका असा सरळ हिशोब लागत नाही, दिवसाला एक ओढणाऱ्याचाही धोका न ओढणाऱ्यापेक्षा बराच वर असतो. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, नाडी वाढवतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा पकडून बसतो, आणि रक्त चिकट होतं. मशेरी, तंबाखू-चुना, तपकीर, गुटखा यातही निकोटीन तेच, धूर नाही म्हणून हार्टला सुट्टी नाही. चांगली बातमी म्हणजे सोडल्यावर शरीर लवकर सावरतं, वर्षभरात हार्टचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. सरकारची फुकट क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, समोरचा माणूस नीट बोलतो, लेक्चर देत नाही, मला तिथूनच धीर आला. आणि टपरीवर जाणं ही सिगरेटपेक्षा मित्रांची सवय असते, म्हणून वहिनी, नुसतं सोड सोड म्हणू नका, त्या १० मिनिटांत दुसरं काय करायचं ते दोघांनी ठरवा, कंडक्टर काकांच्या फेऱ्या तिथे मस्त बसतात.

दुसरं, झोप. नवरा घोरतो का? घोरता घोरता मधेच श्वास थांबून दचकून परत चालू होतो का? तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, स्लीप ॲप्नियात रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होतो आणि बीपी सकाळीसुद्धा उतरत नाही, गोळ्या वाढवत बसतात आणि कारण नाकात-घशात-पोटात असतं. झोप सात तास पाहिजे. रात्री नऊला घरी, साडेदहाला जेवण, मग बारापर्यंत रील्स, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. ऑफिसमधे संध्याकाळी साडेसहाला भाजी-भाकरी किंवा उसळ खाऊन घेतली आणि घरी आल्यावर थोडंसंच घेतलं तर झोपही लवकर लागते.

परळची_सिस्टर:
ताई, एक महत्त्वाचं राहिलं, तुमच्या सासऱ्यांचं वाचून सांगतेय, आणि हे घरातल्या प्रत्येकाने वाचावं. छातीच्या मधे दाब किंवा जड वाटणं, ते जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात, पाठीत जाणं, थंड घाम, धाप, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, हे काही मिनिटांत थांबलं नाही तर गॅस आहे की हार्ट हे घरी ठरवायचंच नाही. १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीने ईसीजी होईल अशा जवळच्या हॉस्पिटलला. पेशंटला स्वतः गाडी चालवू देऊ नका, चार जिने चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. रस्ता बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो, म्हणून पहिल्या तास-दोन तासात जे वाचतं ते नंतर वाचत नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, कुठे रक्तस्राव नसेल, तर साधी ३०० च्या आसपासची ॲस्पिरिन चावून घ्यायला १०८ चे डॉक्टर सांगू शकतात, त्यांना विचारा. जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याने दिली म्हणून ठेवू नका, बीपी आधीच खाली असेल तर ती एकदम अजून पाडते. जोरजोरात खोकला की अटॅक टळतो हा मेसेजही खोटा आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर परत काढायला आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी) रक्ततपासणी करायला सांगा.

माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नाही तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी किमान ५ सेंटीमीटर खाली जाईल असं दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. सोसायटीत एकदा या छाती दाबण्याचं, म्हणजे सीपीआरचं, ट्रेनिंग ठेवा, गणपतीच्या मीटिंगमधे विषय काढा, दोन तासांचं काम आहे.

आणि आता तुमच्याबद्दल. सगळं नवऱ्याचं लिहिलंत, तुमचं बीपी किती आहे? बायकांमधे पाळी थांबल्यावर धोका पटकन वाढतो, त्यांचं दुखणंही कधी कधी नुसता थकवा, धाप, पाठ-जबडा असं येतं आणि घरात सगळ्यात शेवटी त्यांनाच दाखवलं जातं. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का? तसं असेल तर पुढे हार्टचा धोका जास्त धरतात.

भांडुपकरीण:
सिस्टर, मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, नंतर कधी मोजलंच नाही. हे हार्टशी जोडलेलं असतं हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आतापर्यंत ठरलेलं सांगते. कणकेतलं आणि भातातलं मीठ उद्यापासून बंद. रिक्षा आधी सोडायची हे नवऱ्याने स्वतःहून मान्य केलं, सिगरेटबद्दल गप्प बसला पण नंबर मोबाईलमधे सेव्ह करताना मी बघितलं. सासूबाईंना ५४ आणि ५५ चा हिशोब सांगितला तर त्या म्हणाल्या, मग माझ्या लेकाला आधी डॉक्टरकडे ने. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आता बीपीचं मशीन घ्यायचंय, मनगटाचं घेऊ का, स्वस्त आहे आणि सोपं वाटतं.

परळची_सिस्टर:
मनगटाचं नको, दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक घ्या, आणि दुकानात दंडाचा घेर मोजून पट्टा बघा, लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त दाखवतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, सिगरेट, जिना नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीला, मांडी न घालता, पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड हृदयाच्या पातळीला टेबलावर, मोजताना बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट. आठवडाभर वहीत लिहा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, घरी १३५/८५ च्या वर येत असेल तर ते वाढलेलं समजतात. शनिवारपर्यंत जेवढे दिवस होतील तेवढे लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, चेकअपच्या त्या एका १३८ पेक्षा त्यांना ती जास्त उपयोगी पडेल. आणि वहीच्या उजव्या पानावर नवऱ्याचं, डाव्या पानावर तुमचं, शनिवारी दोघांची अपॉइंटमेंट घ्या.